पाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून काय गेलं?

२ एप्रिल २०२२, शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास झाबुआ आणि बडवानी जिल्ह्यांतल्या गावांमधून लोकांनी आकाशात काहीतरी जळत जाताना पाहिलं. एकच ठिपका नव्हता, ठिपक्यांची रांग होती. प्रत्येकामागे पिवळसर-लाल शेपूट, आणि सगळी रांग एकाच दिशेनं, जराही घाई न करता सरकत होती. त्याच सुमाराला नागपूर, चंद्रपूर आणि विदर्भाच्या इतर भागांतूनही हेच दृश्य दिसलं. काहींच्या मते विमान पडत होतं, काहींच्या मते क्षेपणास्त्र होतं. परग्रहवासीही यथावकाश आलेच.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांची सोयरीक विदर्भात आहे. त्यामुळे फोन खणखणले, व्हिडिओ इकडून तिकडे गेले आणि जो तो विचारू लागला, ‘तुमच्याकडेही दिसलं का?’ आमच्या मते त्या रात्री विचारला गेलेला सर्वांत कामाचा प्रश्न हाच. कोडं उलगडायला सुरुवात तिथूनच होते.

बडवानीपासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीपर्यंत सरळ रेषेत अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त आहे. प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं. बडवानीवरून जाणारं विमान सिंदेवाहीच्या माणसाला दिसणं शक्य नाही, ते क्षितिजाच्या खालीच राहतं. पण तीच वस्तू ८० किलोमीटर उंचीवर असेल, तर ती हजारेक किलोमीटर अंतरावरूनही क्षितिजावर डोकावू शकते. म्हणजे विमान कोसळल्याची अफवा खोडायला दुर्बीण लागत नव्हती. नकाशा आणि दोन गावांतले फोन पुरेसे होते. जे काही जळत होतं, ते वातावरणाच्या अगदी वरच्या थरात जळत होतं.

आणखी एक योग जुळून आला होता. अमावास्या आदल्याच दिवशी झाली होती, त्यामुळे आकाश काळोखी होतं. रमजानचा चंद्र पाहण्यासाठीही त्या संध्याकाळी बरेच लोक पश्चिमेकडे नजर लावून उभे होते. ती रांग आली तीही पश्चिमेच्या अंगानंच. एरवी हा देखावा निम्म्या लोकांना कळलाही नसता.

उज्जैनच्या वेधशाळेकडून सुरुवातीला उल्कांचा अंदाज व्यक्त झाला. त्याला कुणी हसू नये, कारण उल्का आपल्या भागाला नवी नाही. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या धजाला गावाच्या परिसरात अग्निगोल दिसला आणि त्यानंतर खरोखरच दगड पडले. ते आज धजाला अशनी म्हणून ओळखले जातात. पण उल्का आणि पाडव्याची रांग यांत मोठा फरक आहे, आणि तो साध्या डोळ्यांनी दिसतो.

उल्का सूर्याभोवती फिरत असते आणि पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा भन्नाट वेगानं घुसते. त्यामुळे ती एक-दोन सेकंदांत संपते. मोठा अग्निगोल असला तरी सहसा काही सेकंदच. पृथ्वीभोवती फिरणारी माणसानं बनवलेली वस्तू मात्र आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगानं, जवळजवळ आडवी वातावरणात शिरते. ती फुटत जाते आणि तिचे तुकडे एकाच मार्गावर मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक चालत राहतात. बडवानी ते सिंदेवाही हे अंतर कापायलाही तिला सव्वा मिनिट लागतं. ‘हळू जात होतं’, ‘पुष्कळ वेळ दिसत होतं’, ‘सगळे दिवे एका ओळीत होते’ असं गावकरी सांगत होते. यातला एकही तपशील अतिशयोक्तीचा नव्हता. तर्क चुकले असतील, पाहण्यात चूक नव्हती.

त्याच संध्याकाळी आकाशातला पुरावा जमिनीवर आला. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक प्रचंड कडी पडली. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट. पवनपार गावाच्या बाजूला अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचा एक गोळा सापडला. कुणाला इजा झाली नाही. कडी पडली ती जागा वस्तीची होती हे लक्षात घेतलं, की ‘इजा झाली नाही’ हे तीन शब्द किती मोठे आहेत ते कळतं.

आता वस्तू कोणाची? पहिला संशय न्यूझीलंडच्या रॉकेटवर गेला. भारतीय वेळेनुसार त्याच संध्याकाळी सहानंतर तिथून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचं रॉकेट सुटलं होतं. पण त्या रॉकेटची जाडीच सुमारे १.२ मीटर आहे. तीन मीटरची कडी त्यातून निघणार कशी? अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दुसरं नाव पुढे केलं. ते होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. तो त्याच तासाभरात खाली येणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही जुळत होता. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. कडीचं माप तिथे बरोबर बसतं.

वर्षभरापूर्वी सुटलेलं रॉकेट इतक्या उशिरा कसं पडलं, असं कोणीही विचारेल. असे टप्पे उपग्रहाला उंच कक्षेकडे ढकलून देतात आणि स्वतः लांबट, अंडाकृती कक्षेत फिरत राहतात. एका टोकाला पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्या टोकाला दोनशे-एक किलोमीटरवर. या जवळच्या टोकाशी विरळ का होईना, हवा असते. प्रत्येक फेरीत ती थोडा वेग खाते आणि कक्षा आकसत जाते. शेवटी एक फेरी अशी येते, की टप्पा हवेतून बाहेरच पडत नाही. ती फेरी नेमकी कधीची, हे सांगणं अवघड, कारण सूर्य जास्त सक्रिय झाला की वरचं वातावरण फुगतं आणि घर्षण वाढतं. अंदाज एका मिनिटानं चुकला तर पडण्याची जागा साडेचारशे किलोमीटरनं सरकते. इंदूरहून थेट विदर्भात!

सगळं जळून का जात नाही, तेही पाहू. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रॉकेटचं बरंचसं अंग वरच संपतं. टायटॅनियमला वितळायला १६०० अंशांहून अधिक तापमान लागतं. इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब राखणारा वायू ज्या गोल टाक्यांत भरलेला असतो, त्या अशाच कणखर बनवतात. आतून पोकळ असल्यानं हवेत त्यांचा वेगही लवकर कमी होतो. म्हणून जगभर असं काही पडलं की बहुधा गोळेच सापडतात. पुढच्याच महिन्यात, १२ मे २०२२ ला, गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांतही धातूचे गोळे पडले. तिथेही संशय लाँग मार्च ३बीवरच गेला. बडोद्याच्या आपल्या मंडळींसाठी हे अगदी शेजारचंच प्रकरण.

अर्थात आकाशातला प्रत्येक उजेड पडणाऱ्या रॉकेटचा नसतो. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे मोत्यांच्या सरासारखी सारख्या अंतरावरची रांग, शेपूट नाही, तुकडे नाहीत, एकेक दिवा मध्येच विझत जाणारा, असं दिसलं तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. ते जळत नसतात, त्यांच्यावर ऊन पडलेलं असतं, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी बंगालमध्ये आकाशात सरकणारा झगझगीत झोत दिसला, तो ओडिशाच्या किनाऱ्यावरून झालेल्या अग्नी-५ च्या चाचणीचा. जमिनीवर अंधार, पण शंभर किलोमीटर वर अजून ऊन, त्यामुळे क्षेपणास्त्रामागचा धूर उजळला. आणि पश्चिमेला एकाच जागी तासभर ठाण मांडून बसलेला तेजस्वी ‘दिवा’ शुक्र असतो. गाडीतून पाहिलं तर तो आपल्याबरोबर पळतो म्हणूनही लोक घाबरले आहेत.

गावी किंवा प्रवासात असं काही दिसलं, तर व्हिडिओ जरूर घ्या, पण त्यात एखादं झाड, खांब किंवा घराचं छप्पर येऊ द्या. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यावरून दिशा कळत नाही. घड्याळ पाहा, मनात सेकंद मोजा. हात पुढे ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणून क्षितिजापासून किती मुठी वर, एवढं लिहिलं तरी पुढे उंचीचा हिशेब करता येतो. काय दिसलं ते आधी लिहा, काय असावं ते नंतर.

आणि काही सापडलंच, तर हात लावू नका. काही रॉकेटांत हायड्रॅझिन नावाचं अत्यंत विषारी इंधन असतं, टाकीत त्याचा अंश उरलेला असू शकतो. मुलांना आणि गुरांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू सापडल्याचं ज्या देशानं ती सोडली त्याला कळवायचं असतं आणि मागितल्यास परत द्यायची असते. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच देशावर येते. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली होती. लाडबोरीच्या लोकांनी कडी तोडून वाटून घेतली नाही, ती सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात पोहोचली. माप घेता आलं ते म्हणूनच.