जालन्याहून एर्रागड्ड्याला

मराठवाड्यातून काचीगुड्याला येणाऱ्या गाड्या आपल्या विद्यानगरवरून जातात. आपल्यापैकी कित्येकांची वडीलधारी मंडळी याच मार्गाने हैदराबादेस आली. परंतु या मार्गावरील जालन्याहून एक अख्खी संस्थाच येथे आली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ती संस्था म्हणजे एर्रागड्ड्याचे सरकारी मनोरुग्णालय.

हे नाव निघताच आपल्याकडे हशा पिकतो. पुण्यात जसे येरवडा, तसे येथे एर्रागड्डा. तेलुगूत ‘एर्रा’ म्हणजे तांबडा आणि ‘गड्डा’ म्हणजे टेकाड. त्या बिचाऱ्या टेकाडाचा यात काय दोष? ज्या घरातले माणूस खरोखरीच तेथे गेले आहे, त्या घरात मात्र हा विनोद कोणी करीत नाही.

निजामी अमदानीत संस्थानातील मनोरुग्णांचे इस्पितळ जालन्यास होते. जालना ही हैदराबाद कंटिन्जंटची जुनी छावणी. १९०० साली तेथून मनमाड-सिकंदराबाद रेल्वेही धावू लागली. १९५३ साली इस्पितळ एर्रागड्ड्यास हलविण्यात आले. राजधानीचे शहर, हाताशी वैद्यकीय महाविद्यालय. निर्णय तेव्हा शहाणपणाचाच वाटला असणार. पण तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इस्पितळ येथेच राहिले. पुढे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये राहिली. त्यांत मराठवाड्यातले एकही नव्हते. जे एकेकाळी दाराशी होते, त्यासाठी जालनेकरांना पुण्या-नागपूरची वाट धरावी लागली. अलीकडे पुन्हा जालन्यातच असे रुग्णालय उभारण्यास मंजुरी मिळाली आहे, हे ऐकून बरे वाटते. थोडे हसूही येते.

१९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ होते. १९८७ च्या कायद्याने ते पुसले. २९ मे २०१८ पासून अमलात आलेला २०१७ चा कायदा त्याहून पुढे जातो. केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही रुग्णालयात राहावे लागू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कायद्याचे शब्द चोख आहेत. परंतु बऱ्या झालेल्या माणसाला न्यायला घरून कोणी तरी यावे लागते, आणि नेमके तेच घडत नाही. कोणी पत्ता बदलतो, कोणी पत्रास उत्तर देत नाही, कोणी मुलीच्या लग्नाचे निमित्त सांगतो.

एर्रागड्ड्याला २०१७ पासून मेट्रोचे स्थानक झाले आहे. पूर्वी निदान ‘इतक्या लांब जायचे कसे’ असे तरी म्हणता येत असे.