बिनतारी हुकमावर चालणारा ट्रक

(नभोवाणीवरील भाषण)



हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत एका खेळण्यावरून वडील माणसें व मुलें यांच्यांत मतभेद होतो. मुलाला दूर उभें राहून बिनतारी यंत्रानें चालविण्याचा, दगडधोंड्यांवरून जाणारा छोटा ट्रक हवा असतो. आणि तोही तयार नव्हे, तर ज्याचे सुटे भाग पेटींत येतात असा. वडील विचारतात, "तयार ट्रक कमी किंमतींत मिळत असतां अधिक पैसे देऊन तो पुन्हां आपणच जोडावयाचा, हें कोठलें शहाणपण?" प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याला उत्तरही व्यवहाराचेंच दिलें पाहिजे. म्हणून आज आपण अशी एक पेटी उघडूं, तींतील भाग कसे व कां जोडावयाचे तें पाहूं, आणि शेवटीं पैसे कशाचे दिले याचा हिशेब करूं.

दूरच्या यंत्राला तारेवांचून हुकूम देण्याची कल्पना नवी नाहीं. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरीं विजेच्या प्रदर्शनांत निकोला टेस्ला यांनीं पाण्यांतील एक लहानशी नाव बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली होती. परंतु ही विद्या मुलांच्या हातीं येण्यास विजेचीं उपकरणें लहान व स्वस्त होईपर्यंत वाट पाहावी लागली. जपानांत शिझुओका नांवाचें शहर आहे. तेथील टामिया या कंपनीचा आरंभ १९४६ सालीं लाकडाच्या धंद्यानें झाला; पुढें ती लाकडाच्या आणि नंतर प्लास्टिकच्या प्रतिकृति करूं लागली. १९७६ सालीं तिनें पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची बिनतारी यंत्रानें चालणारी प्रतिकृति सुट्या भागांच्या रूपानें विकावयास काढली. १९८१ सालीं टोयोटा हायलक्स या ट्रकची प्रतिकृति आली, आणि २००७ सालीं त्याच नांवाचा 'हाय-लिफ्ट' हा उंच बांध्याचा संच निघाला. मूळ वाहनाच्या एकदशांश मापाचा हा ट्रक आहे. त्याला शिडीसारखी धातूची चौकट, पुढेंमागें अखंड आंस, पट्ट्यांच्या कमानी आणि तीन गियर आहेत. खऱ्या ट्रकचीं मुख्य अंगें त्यांत असल्यानें आजच्या विवेचनासाठीं तोच नमुना डोळ्यांपुढें ठेवूं.

पेटी उघडली कीं प्रथम निराशाच होते. ट्रक कोठेंच दिसत नाहीं. दिसतात त्या प्लास्टिकच्या काड्यांच्या जाळ्या, आणि फांदीला कैऱ्या लगडाव्या तसे त्यांना चिकटलेले भाग. शिवाय स्क्रूंच्या लहान लहान पिशव्या असतात. प्रेषक यंत्र, बॅटरी, ती भरण्याचें साधन आणि रंग हीं बहुधा निराळीं घ्यावीं लागतात. हें वडिलांनीं खरेदीपूर्वींच ध्यानांत घ्यावें. प्रत्येक जाळीस अक्षर व प्रत्येक भागास आंकडा दिलेला असतो. सूचनापुस्तिकेंत शब्द थोडे आणि चित्रें पुष्कळ असतात. स्क्रूचें चित्र खऱ्या मापाचें छापलेलें असल्यानें हातांतला स्क्रू चित्रावर आडवा ठेवून १० मिलिमीटर लांबीचा तो हाच कीं नव्हे, हें ताडून पाहतां येतें. एका वेळीं एकच पिशवी उघडावी. भाग जाळीपासून सोडवितांना तो दोनदां कापावा: पहिल्यानें थोडा दांडा राखून, मग अगदीं लगत. एकाच झटक्यांत कापला तर भागाचा कांठ चिरण्याची भीति असते.

स्क्रू पिळणें हें क्षुल्लक काम वाटतें, पण त्याला शिस्त आहे. जपानी स्क्रूच्या डोक्यावरील फुलीची खांच जपानी मापाची असते. बाजारांतील नेहमींचा स्क्रू-ड्रायव्हर तींतून उसळतो व खांच झिजवितो. म्हणून योग्य मापाचें हत्यार प्रथम घ्यावें. प्लास्टिकमध्यें जाणारा स्क्रू आपला आटा आपणच पाडीत जातो. तो एकदां काढून पुन्हां बसवावयाचा असेल, तर आधीं हलकेंच उलटा फिरवावा. जुना आटा सांपडला कीं तो किंचित् खालीं बसल्याचें बोटांना कळतें, आणि मग सुलटा पिळावा. धातूंत धातूचा स्क्रू जातो तेथें हादऱ्यांनीं तो सुटूं नये म्हणून आटा धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावतात. प्लास्टिकला मात्र तो लावूं नये, कारण त्यानें प्लास्टिक तडकूं शकतें.

आतां ट्रकच्या पोटांत शिरूं. खरी विद्या आहे ती दंतचक्रांच्या पेटींत. अशा ट्रकची नेहमींची विजेची मोटर ७.२ व्होल्टच्या बॅटरीवर, भार नसतां, मिनिटाला सुमारें १५,००० फेरे घेते. ट्रकच्या चाकाचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारें ३१.४ सेंटिमीटर होतो. मोटर थेट चाकाला जोडली, तर कागदावरील हिशेबानें ट्रकनें तासाला २८० किलोमीटरांहून अधिक धांवावयास हवें! प्रत्यक्षांत तो जागचाही हलणार नाहीं. कारण मोटरीजवळ वेग अमाप असला तरी जोर थोडा असतो. म्हणून मध्यें लहानमोठ्या दंतचक्रांची सांखळी घालून मोटरीच्या तीस फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होईल, अशी योजना केली असें समजूं. आतां चाक मिनिटाला ५०० फेरे घेईल आणि वेग तासाला साडेनऊ किलोमीटरांवर येईल. परंतु घर्षणांत जाईल तेवढा भाग सोडला, तर चाकाचा जोर तीसपट झाला. वेग खर्चून जोर विकत घ्यावयाचा, असा हा सौदा आहे. घाट चढतांना एस्. टी. चा चालक खालचा गियर टाकतो तो याच कारणानें. आमच्या नमुन्याच्या ट्रकमध्यें हें गियर बदलण्याचें कामही हातांतील प्रेषकावरूनच करतां येतें. हीं चक्रें बसवितांना दांत्यांना वंगण द्यावें, पण बेतानें. आणि पेटी बंद करण्यापूर्वीं सर्व चक्रें बोटानें फिरवून पाहावीं. कोठें अडखळ लागली तर ती तेथेंच शोधावी. मोटर तिच्यावर जोरानें मात करील, या भरंवशावर राहूं नये.

मोटरीचा जोर आंसापर्यंत आला. पण तो डाव्याउजव्या चाकांत वांटावयाचा कसा? मुलांची एक रांग खांद्याला खांदा लावून वळत असली, तर बाहेरच्या मुलाला लांब पावलें टाकावीं लागतात व आंतला जवळजवळ जागींच पाय हलवितो. मोटारीच्या चाकांचें तसेंच आहे. वळणावर बाहेरचें चाक अधिक अंतर तोडतें, म्हणून दोन्ही चाकांना भिन्न गतीनें फिरूं देणारी दंतचक्रांची जुळणी आंसाच्या मध्यभागीं असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावर ती मोठी सोयीची. पण खडकाळ जागीं तिच्यांतील उणीव दिसते. एक चाक हवेंत अधांतरीं लटकलें कीं तें वाऱ्यावर गरगर फिरतें आणि जमिनीवरचें चाक स्वस्थ बसतें. म्हणून दगडांत चालवावयाच्या ट्रकमध्यें ही जुळणी बंद करून दोन्ही चाकें एकजीव करतात. मग एक चाक लटकलें तरी दुसरें ट्रकला ओढून नेतें. मात्र गुळगुळीत फरशीवर तोच ट्रक वळतांना चाकें घांसतो आणि वळणालाही मोठी जागा घेतो. यंत्रांत फुकट कांहीं मिळत नाहीं. ट्रक कोणत्या जमिनीवर चालवावयाचा, हें आधीं ठरवावें लागतें. आणि तें ठरविणारा मुलगा विकत घेणारा न राहतां रचणारा होतो.

कमानींचें कामही तितकेंच महत्त्वाचें आहे. चाकाचा जोर जमिनीला लागला तरच ट्रक पुढें जाणार. म्हणून उंचसखल जागीं चारही चाकें होतां होईल तों टेकलेलीं राहावीं, यासाठीं कमानी लवचीक ठेवतात. पण कमान ही दाबली कीं उसळणारी वस्तु. हा हेलकावा शमविण्यासाठीं पुष्कळ संचांत तेलानें भरलेल्या नळ्या असतात. नळींतील दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल सावकाश वाहतें आणि उसळीचा जोर जिरवितें. तेल भरल्यावर दट्ट्या हळूहळू वरखालीं करून हवेचे बुडबुडे निघून जाऊं द्यावे. हवा दबते, तेल दबत नाहीं. म्हणून बुडबुडा राहिला कीं नळीच्या कामांत फरक पडतो.

आतां बिनतारीच्या अंगाकडे वळूं. मध्यम लहरींवरील ध्वनिक्षेपणांत १,००० किलोहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब असते. या छोट्या ट्रकला हुकूम देणारी आजची लहर २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे अवघी साडेबारा सेंटिमीटरांची. त्यामुळें बोटाएवढी तार तिला पुरते. पूर्वीं अशीं खेळणीं २७ मेगाहर्ट्झवर चालत, आणि दोघांनीं एकच वारंवारता धरली तर एकाचा हुकूम दुसऱ्याच्या गाडीला जाई. आज प्रेषक व ग्राहक यांची आधीं ओळख करून द्यावयाची असते. मग ग्राहक आपल्याच धन्याचें ऐकतो, आणि एकाच मैदानावर अनेक गाड्या खुशाल धांवूं शकतात.

हा हुकूम चाकें वळविणाऱ्या 'सर्व्हो' नांवाच्या डबींत पोंचतो. सेकंदाला सुमारें ५० वेळां तिच्याकडे विजेचा एक ठोका येतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट टिकला, तर डबीचा दांडा मध्यावर राहतो. एकपट टिकला तर एका टोंकाकडे आणि दुप्पट टिकला तर दुसऱ्या टोंकाकडे जातो. डबीमधील एक भाग दांडा सध्यां कोठें आहे हें सतत मोजतो, आलेल्या हुकमाशीं ताडतो आणि फरक मिटेपर्यंत आंतली चिमुकली मोटर फिरवितो. म्हणूनच जुळणींतला एक नियम कधीं मोडूं नये: आधीं वीज लावून सर्व्हो मध्यावर आणावा आणि मगच त्याला चाकांचा दांडा जोडावा. तसेंच चालवितांना प्रेषक प्रथम सुरू करावा आणि सर्वांच्या शेवटीं बंद करावा, म्हणजे ट्रक क्षणभरही बेवारस राहत नाहीं.

जोडलेला ट्रक उतारावरून कोलांट्या खातो आणि बहुधा धडधाकट उठतो, याचें मुलांना नवल वाटतें. त्याचें कारण भूमितींत आहे. सर्व मापें एकदशांश केलीं म्हणजे घनफळ, आणि त्याबरोबर वजन, एकसहस्रांश होतें. पण भागांची मजबुती त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें ती एकशतांशच होते. त्यामुळें वजनाच्या मानानें लहान ट्रक मोठ्याच्या दसपट बळकट ठरतो. मुंगी उंचावरून पडूनही चालूं लागते, त्याच्या मुळाशीं असाच नियम आहे.

बॅटरीविषयीं मात्र एक इशारा वडिलांनीं ऐकून ठेवावा. आरंभीं निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी बरी. लिथियमची बॅटरी हलकी व जोरदार असते, पण चुकीच्या तऱ्हेनें भरली किंवा तिला इजा झाली तर ती पेट घेऊं शकते. तिच्याच जातीचें भरण-साधन वापरावें आणि भरतांना कोणीतरी मोठें माणूस जवळ असावें.

आतां हिशेब. तयार खेळणें पुष्कळदां असें बंद केलेलें असतें कीं तें उघडतांच मोडतें. आंतील एका चक्राचा एक दांता तुटला, तर बाकीच्या शंभर चांगल्या भागांसह तें सबंध कचऱ्यांत जातें. मुलगा चार दिवस हळहळतो आणि दुसरें मागतो. आणि वस्तु बिघडली म्हणजे संपली, हा धडा नकळत शिकतो. संचाचा ट्रकही बिघडतो, कदाचित् पहिल्याच आठवड्यांत. पण तो ज्यानें जोडला त्याला आवाजावरून कळतें कीं खरखर चक्रांची आहे कीं आंसाची. तो चार स्क्रू काढतो, तेवढाच भाग बदलतो आणि ट्रक पुन्हां उभा करतो. आपल्या घरांत पंखा, शिवणयंत्र, सायकल अशीं किती तरी यंत्रें आहेत! त्यांकडे भीतीनें पाहावयाचें कीं ओळखीनें, हा फरक अशा कामांतून पडतो. जास्तीचे पैसे दिले ते या ओळखीचे.

मात्र ही ओळख मुलाला स्वतःच करून घेऊं द्यावी. वडिलांनीं जवळ बसावें, हत्यार धरण्याची रीत दाखवावी, पण स्क्रू त्यानेंच पिळावा. एखादा भाग उलटा बसला तर लगेच बोलूं नये. पुढचा भाग बसेना म्हणजे त्याचें त्यालाच कळेल, आणि मागें जाऊन कारण शोधण्याची संवय लागेल. दोन सुट्ट्यांत होणारें काम चार सुट्ट्यांत झालें तर बिघडलें कोठें? हा ट्रक मुळांतच सावकाश चालणारा आहे. वाळूच्या ढिगाशीं, दगडांच्या राशीशीं तो थांबतो, एक चाक चांचपून टेकतो, आणि मग वर चढतो. तो चढत असतां त्याच्या आंत काय चाललें आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्या आनंदाची किंमत वडिलांच्या हिशेबांत अवश्य जमेकडे मांडावी.