वीतभर अंतरावरचा फोन

सकाळी 8.00
पेटी भरते. दृष्टी तपासायचे तक्ते, मोजपट्टी, भिंगांचा डबा, ट्रायल फ्रेम, रेटिनोस्कोप. तक्ते दोन घेते. पहिली-दुसरीतल्या मुलांना अक्षरं वाचायला लावली की डोळ्यांची परीक्षा बाजूला राहते आणि वाचनाचीच होते. म्हणून त्यांच्यासाठी चार दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता. मुलानं नुसती बोटं त्या दिशेला वळवून दाखवायची. नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझे काही दिवस ग्रामीण रुग्णालयात जातात, काही शाळांमध्ये. आज पाटण तालुक्यातली एक जिल्हा परिषद शाळा.

सकाळी 10.15
तक्ता सहा मीटरवर हवा आणि वर्ग तेवढा लांब नाही. म्हणून व्हरांड्यात तक्ता टांगते, मोजपट्टी धरून खडूची रेघ ओढते. परिपाठ संपला की चौथीचा वर्ग रांगेत येतो.

एक डोळा तळव्यानं झाकायला सांगते. बोटांनी झाकला तर मुलं फटीतून बघतात. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासण्याचा हट्ट मी कधी सोडत नाही. एक डोळा अधू असला तरी दुसरा सगळं काम उरकतो, त्यामुळे मूल तक्रार करत नाही आणि घरात कुणाला शंका येत नाही. अधू डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू हळूहळू विचारात घेणंच सोडतो. हे सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर बरंच काही परत मिळवता येतं. पुढे ते अवघड होत जातं.

सकाळी 11.30
चौथीतला एक मुलगा डोळे बारीक करून तिसऱ्या ओळीवर अडतो. “मॅडम, ह्यो फळ्यावरचं लिहूनच घेत नाही, शेजारच्याच्या वहीत बघतो,” वर्गशिक्षिका सांगतात. त्यांना वाटत होतं, अभ्यासाचा कंटाळा आहे. मी त्याला आळीपाळीनं भिंगं लावून पाहते. उणे भिंगाबरोबर तो पाचवी ओळ घडाघडा वाचतो आणि बाईंचा चेहरा उतरतो. त्यांचा काही दोष नाही. लांबचं न दिसणारं मूल आळशी वाटतं, हे मी शाळेशाळेत पाहते.

मग त्याच्या हातात माझा फोन देते. “खेळ बघू, तू घरी खेळतोस तसा.” दोन मिनिटांत मान खाली, कोपरं पोटाशी, फोन नाकापासून वीतभर अंतरावर. मोजपट्टी लावून बाईंना दाखवते. पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर असताना डोळ्यातल्या भिंगाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या दुप्पट जोर वीस सेंटिमीटरवरच्या फोनला लागतो. दोन मीटरवरच्या टीव्हीला फोनच्या जोराचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणून कार्टून बघायचंच असेल तर ते टीव्हीवर, भिंतीला टेकून बघा, असं मी पालकांना सांगते. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा अभ्यास फोनवर आला, तेव्हापासून हे सांगणं वाढलं आहे.

मुलाला एक माप शिकवते: मूठ गालाला लाव, कोपर जिथे येईल तिथे पुस्तक किंवा फोन. तो लगेच शेजारच्या मुलीला शिकवतो.

डोळे चुरचुरतात, लाल होतात अशी तक्रारही मुलं करतात. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर नजर खिळली की ते निम्म्याहून खाली येतं आणि डोळ्यावरचा ओलावा सुकतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, ही सवय यासाठीच. इथल्या मुलांना सोपं: दारातून डोंगर बघा.

दुपारी 1.30
मधली सुट्टी. खिचडी संपवून मुलं मैदानावर पळतात, आणि दिवसभरातलं त्यांच्या डोळ्यांसाठीचं सगळ्यात मोलाचं काम आत्ता चालू असतं.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. वाढत्या वयात तो गरजेपेक्षा लांब झाला की लांबचं धूसर दिसतं. एका मिलिमीटरला जवळपास अडीच ते तीन नंबर. ही जास्तीची वाढ रोखायला उघड्यावरचा उजेड मदत करतो. वर्गात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर दहा हजारांच्या वर सहज जातो. या उजेडानं पडद्यातून डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालतं, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत नंबर लागण्याचं प्रमाण इतर शाळांत 39.5 टक्के होतं, या शाळांत 30.4. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तैवाननं त्याआधीच, 2010 पासून, शाळांमधून रोज 120 मिनिटं बाहेर घालवायचा कार्यक्रम सुरू केला होता.

एकदा नंबर लागल्यावर मात्र तो थोपवायला नुसता हा उजेड पुरत नाही, हेही पालकांना सांगावं लागतं. म्हणून तर खेळाचा तास गणिताला देऊन टाकला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना अजून नंबर लागलेला नाही, त्यांच्याच वाट्याचा तो उजेड असतो.

दुपारी 3.30
रुग्णालयाची अंधारी खोली. मागच्या शाळेत सापडलेली तिसरीतली मुलगी आई आणि आजीबरोबर आली आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाऊण तासापूर्वी डोळ्यांत औषध टाकलंय. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं जोरकस असतं की ते सैल केल्याशिवाय खोटा उणे नंबर निघू शकतो. नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर मुलांचा चष्मा करू नये, ते यासाठी.

हातभर अंतरावर बसून रेटिनोस्कोपची उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवते. आतून लालसर झळाळी उठते आणि पट्टीच्या उलट दिशेनं सरकते. एकेक उणे भिंग बदलत जाते. झळाळीची हालचाल वेगवान होत जाते, मग सगळी बाहुली एकदम उजळते आणि सरकणं थांबतं. नंबर मिळाला. मुलीनं तोवर एक शब्द बोललेला नसतो, बोलायची गरजही नसते.

“चष्मा लावला की नंबर वाढतच जातोय म्हणत्यात,” आजी काळजीनं म्हणतात. “नाही आजी. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. चष्मा नाही दिला तरी वाढणारच, वर पोरीला फळा दिसणार नाही.” मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊनही वाढ थांबत नाही. फार भराभर वाढत असेल तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब सुचवतात, ते त्यांच्याच देखरेखीखाली. आणि उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्याला पुढच्या आयुष्यात पडदा सरकण्याची भीती जास्त असते, म्हणून दर सहा महिन्यांनी या.

आई विचारते, निळ्या काचेचा चष्मा घेऊ का, दुकानात सांगितलंय. नका घेऊ, ताई. डोळ्यांचा थकवा त्यानं कमी होतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही. ते पैसे राहू द्या. शाळेतून आलेल्या मुलांना चष्मा शासनाच्या कार्यक्रमातून मोफत मिळतो.

सायंकाळी 5.30
नोंदवही भरते, मग शाळेला पत्र. औषध टाकून तपासायला पाठवायच्या मुलांची नावं, चष्मा येईपर्यंत पहिल्या बाकावर कुणाला बसवायचं ते. खाली मुख्याध्यापकांना विनंती: रोजचा शेवटचा तास मैदानावर घ्यावा, उन्हाळ्यात तो सकाळी आणावा, आणि पालकसभेत मला पंधरा मिनिटं द्यावीत. मी मोजपट्टी घेऊन येईन.