काजऱ्याचें झाड

कोंकणांत व गोमंतकांत ज्या झाडास काजरा म्हणतात, त्यालाच संस्कृतांत कारस्कर व औषधांच्या बाजारांत कुचला असें नांव आहे. आपल्या हद्दींतला काजरा विषारी म्हणून तोडावा कीं राखावा, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. आमच्या मतें तो राखावा. मात्र घरांतील लहानथोर सर्वांस त्याची ओळख असली पाहिजे.

पानें समोरासमोर, चकचकीत व बुडापासून निघणाऱ्या तीन ते पांच ठळक शिरांचीं असतात. फळ लहान नारिंगासारखें, पिकल्यावर शेंदरी. मूल त्यास हात घालणारच. आंत गरामध्यें चपट्या, करड्या, रेशमी लवेच्या, गुंडीसारख्या बिया असतात. धनेश पक्षी हा गर खातो, म्हणून तो माणसांस चालेल असें समजूं नये.

बियांत स्ट्रिक्नीन व ब्रुसीन हीं विषें आहेत. पैकीं पहिलें फ्रेंच रसायनज्ञ पेलेतिए व काव्हँतू यांनीं १८१८ सालीं वेगळें केलें. स्नायूंस आवर घालणारी मज्जारज्जूंतील व्यवस्था तें बंद पाडतें. त्यामुळें नुसत्या आवाजानें वा स्पर्शानेंहि अंग धनुष्यासारखें ताठतें व श्वास कोंडतो. रोगी बहुधा शुद्धीवरच असतो. घरीं ओकारी काढण्याची खटपट करूं नये, त्यानेंच झटका येतो. त्यास शांत ठेवून ताबडतोब रुग्णालयांत न्यावें.

बियांची भीति सर्वांस असते, सालीची नसते. आणि घोटाळा तेथेंच होतो. १९ व्या शतकाच्या आरंभीं युरोपांत अंगोस्तुरा नांवाच्या औषधी सालीबरोबर दुसरीच एक साल येऊन माणसें दगावलीं. ती काजऱ्याची होती, हें पुढें कलकत्त्यास डॉ. ओशॉनेसी यांनीं दाखविलें. आपल्याकडे कुड्याची व रोहणाची साल औषधासाठीं काढतात. सुकल्यावर साल ओळखणें कठीण. तेव्हां काजऱ्याची साल काढूंच नये हें उत्तम.

पाला गुरांस घालूं नये, परंतु भातशेतींत हिरवळीचें खत म्हणून तो गाडतात. लाकूड कठीण व कडू असल्यानें त्यास वाळवी सहसा लागत नाहीं. औतांस व हत्यारांच्या दांड्यांस तें चांगलें. वैद्य बिया गोमूत्र, दूध व तूप यांनीं शुद्ध करून वापरतात. या शोधनानें विष कमी होतें, नाहींसें होत नाहीं. म्हणूनच १९४५ च्या औषधविषयक नियमांच्या ई-१ अनुसूचींत कुचल्याचा समावेश आहे. घरगुती प्रयोगाचें हें काम नव्हे.

बिया विकावयाच्या असल्यास धान्याच्या कणगीपासून दूर, कुलपांत ठेवाव्या. आणि घरचें दळणकांडण होतें त्या जात्यांत वा उखळांत त्या कधींहि घालूं नयेत.