गस्तीची गाडी कोठे आहे?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. यांपैकी बदलापूरच्या नावाविषयी एक आख्यायिका सांगतात. दूरच्या प्रवासास निघालेले स्वार येथे थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून या गावाचे नाव बदलापूर पडले, असे जुने लोक म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या स्वारांना धाडणाऱ्यांची एक अडचण मात्र निश्चित खरी होती. स्वार एकदा नजरेआड झाला, की तो कोठवर पोहोचला, वाटेत थांबला की काय, हे कळण्याचा काही मार्ग नसे. तो परत आल्यावर जे सांगेल ते ऐकावयाचे, एवढेच हाती राही.

आज त्याच वाटेने पोलिसांची गाडी गस्तीला निघते, तेव्हा गोष्ट निराळी असते. गाडीत बसविलेले एक लहानसे यंत्र थोड्या थोड्या वेळाने आपला ठावठिकाणा नियंत्रण कक्षाला कळवीत असते आणि तेथील पडद्यावर, शहराच्या नकाशावर, एक ठिपका सरकत असतो. हे यंत्र कसे चालते, त्याचा उपयोग काय, आणि त्या ठिपक्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात येतात. परंतु त्यांची घडण एकसारखी नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसविली आणि त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अद्यापही तेथील पत्त्यांत कॅम्प, सेक्शन आणि बराकीचे क्रमांक असतात. नवख्या माणसाला त्यांचा उलगडा सहसा होत नाही. अंबरनाथला १०६० सालचे शिवमंदिर आणि आधुनिक कारखाने एकाच गावात नांदतात. बदलापूर तर गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले आहे. अशा ठिकाणी रात्री कोणी मदतीसाठी हाक मारली, तर हाक कोठून आली हे समजणे आणि त्या जागेच्या जवळ पोलिसांची कोणती गाडी आहे हे समजणे, या दोन्ही गोष्टी सोप्या नाहीत.

पूर्वी गस्तीचा हिशेब वह्यांवर चाले. शिपायाने ठराविक ठिकाणी ठेवलेल्या वहीत वेळ लिहून सही करावयाची. गाडीच्या चालकाने लॉगबुकात किती किलोमीटर गेलो, कोणत्या कामासाठी गेलो, हे नोंदवावयाचे. आणि पोलीस ठाण्यातील घडामोडी स्टेशन डायरीत लिहावयाच्या, अशी ही पद्धत होती व बऱ्याच अंशी आजही आहे. या वह्या टाकाऊ होत्या असे मुळीच नाही. प्रामाणिक माणसाच्या हाती त्या फार उपयोगी पडत. पण पहाटे एके जागी बसून रात्रभराच्या वेळा लिहून काढणेही त्यांत अवघड नव्हते, आणि तसे केले असता वही स्वतः काही बोलत नसे.

आता त्या यंत्राकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत असते, की आकाशातील उपग्रह गाडीकडे पाहतो व तिचा ठाव सांगतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. उपग्रहाला गाडीची वार्ताही नसते. अमेरिकेच्या 'जीपीएस' या योजनेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत दोनच गोष्टी सांगतात : 'मी आता अमुक ठिकाणी आहे' आणि 'माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत'. हा संदेश रेडिओलहरींवरून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर या वेगाने येतो. तरीसुद्धा त्याला पृथ्वीवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतोच. संदेशास किती उशीर झाला, हे गाडीतील यंत्र मोजते आणि त्यावरून उपग्रह किती दूर आहे ते काढते.

केवळ अंतरावरून ठिकाण कसे कळेल? एक नकाशा घ्या. समजा, तुम्ही अंबरनाथ स्थानकापासून ५ किलोमीटरवर आहात, एवढेच ठाऊक आहे. मग तुम्ही त्या स्थानकाभोवती काढलेल्या वर्तुळावर कोठेही असू शकाल. बदलापूर स्थानकापासून ६ किलोमीटरवर आहात असेही कळले, तर दुसरे वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदते आणि त्या दोहोंपैकी एकावर तुम्ही असला पाहिजेत. तिसऱ्या एखाद्या खुणेपासूनचे अंतर मिळाले, की संशय फिटतो. उपग्रहांच्या बाबतीत वर्तुळांऐवजी गोल असतात, एवढाच भेद. शिवाय गाडीतील यंत्राचे घड्याळ उपग्रहांतील घड्याळांइतके अचूक नसते. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. घड्याळाच्या अचूकपणावर येथे सारे अवलंबून आहे. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाइतकी चूक झाली, तरी जागेत ३०० मीटरचा फरक पडेल, आणि उल्हासनगरच्या बाजारात ३०० मीटर म्हणजे भलतीच गल्ली! भारतानेही २०१३ पासून 'नाविक' या योजनेखाली अशा कामासाठी स्वतःचे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला.

याप्रमाणे ठिकाण कळले, तरी ते केवळ गाडीतील यंत्रालाच कळलेले असते. ते यंत्र मग मोबाइल फोनच्या जाळ्यातून ती माहिती नियंत्रण कक्षाकडे पाठविते. दोन्ही दुवे नीट चालले तरच ठिपका खरा. उंच इमारतींवर आपटून लहरी वाकड्या वाटेने आल्या, तर ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. फोनचे जाळे तुटले, तर तो होता तेथेच थांबतो. गाडी थांबली आहे की बातमी थांबली आहे, हे पडद्यावर पाहताना वेगळे ओळखावे लागते.

महाराष्ट्रात आता संकटसमयी ११२ हा क्रमांक फिरवितात. पोलीस, अग्निशामक दल इत्यादींसाठी निरनिराळे क्रमांक लक्षात ठेवण्याऐवजी देशभर एकच क्रमांक असावा, या हेतूने ही योजना २०१८ पासून राज्याराज्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात या हाका घेणारी केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. तेथील कर्मचारी हाक मारणाऱ्याची अडचण लिहून घेतो व ती संबंधित शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे पाठवितो. तेथे जवळची गाडी कोणती, हे नकाशावर पाहून तिच्यातील पडद्यावर काम धाडले जाते. गाडीतील पोलिसांनी काम मिळाल्याचे, घटनास्थळी पोहोचल्याचे आणि शेवटी काय कारवाई केली याचे उत्तर त्याच यंत्रावरून द्यावयाचे असते. प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप नोंदली जाते.

'जवळची गाडी' हा शब्दही जपून वापरला पाहिजे. या तिन्ही शहरांचे लोहमार्गाने पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. शिवाय वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहते. रुळांच्या पलीकडे उभी असलेली गाडी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसेल, पण तिला पुलावरून वळसा घालून यावे लागेल. तितक्यात अलीकडची, दुप्पट अंतरावरची गाडी अगोदर येऊन पोहोचेल. हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस नियंत्रण कक्षात असला पाहिजे. ठिपका त्याच्या जागी काम करू शकत नाही.

आता उत्तरदायित्वाचा प्रश्न. पोलिसांचा पगार, गाडी, इंधन आणि हे यंत्रसुद्धा जनतेच्या करांतून येते. म्हणून एखाद्या गृहिणीने ११२ क्रमांक फिरविला आणि गाडी उशिरा आली, तर 'उशीर का झाला?' असे विचारण्याचा तिला अधिकार आहे. पूर्वी अशा वेळी एकाचे म्हणणे व दुसऱ्याचे म्हणणे एवढेच समोर असे. आता नोंद बोलते. ती कित्येकदा पोलिसांच्या बाजूनेही बोलते, हे विसरता कामा नये. गाडी सहा मिनिटांत पोहोचली असताना 'कोणीच आले नाही' असा आरोप झाला, तर शिपायाची बाजू हा ठिपकाच मांडतो. परंतु ठिपका गाडीचा असतो, माणसाच्या वागणुकीचा नव्हे. गाडी दारात आली, पण आतील पोलिसांनी तक्रार नीट ऐकून घेतली की नाही, हे कोणत्याही उपग्रहाला सांगता येणार नाही.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे नागरिक शासकीय कार्यालयाकडून माहिती मागू शकतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावे लागते. मग गस्तीच्या गाड्या या क्षणी कोठे आहेत, हे कोणीही विचारावे काय? नाही. ते चोरांच्या फार उपयोगी पडेल! तपासात अडथळा येईल किंवा कोणाच्या जिवाला धोका होईल, अशी माहिती नाकारण्याची सोय त्याच कायद्यात आहे. पण गेल्या वर्षी बदलापुरातून किती हाका आल्या आणि गाडी पोहोचण्यास सरासरी किती वेळ लागला, हे सांगितल्याने कोणत्याही चोराचा लाभ होत नाही. पहिल्या प्रश्नाचे कारण दाखवून दुसऱ्याचे उत्तर टाळणे योग्य ठरणार नाही.

येथवर आपण पोलिसांच्या गाडीविषयी बोललो. परंतु हेच तंत्र उलट दिशेनेही पाहते. एम. एच. ०५ या अक्षरांनी सुरू होणारे, कल्याणच्या परिवहन कार्यालयात नोंदलेले वाहन तुमच्या आसपास रोज दिसत असेल. रस्त्यावरचा कॅमेरा अशा पाटीचे छायाचित्र घेतो, संगणक त्यातील अक्षरे वाचतो आणि चोरीस गेलेल्या वाहनांच्या यादीशी ताडून पाहू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये नियमभंग टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. अशा यंत्राने चोर सापडतो, बेफाम गाडी हाकणाऱ्याला दंड होतो. पण पाटीवर चिखल उडालेला असला, तर यंत्र शून्याला इंग्रजी 'ओ' समजू शकते. किंवा एखादा लबाड दुसऱ्याचाच क्रमांक आपल्या गाडीला लावतो आणि दंडाची पावती निरपराध माणसाच्या घरी येते. म्हणून पावतीबरोबरचे छायाचित्र पाहण्याची व आक्षेप घेण्याची सोय असावी लागते.

याहून गंभीर प्रश्न अमेरिकेत एका खटल्यात उभा राहिला. वॉशिंग्टन शहरात जोन्स नावाच्या एका इसमावर मोठ्या गुन्ह्याचा संशय होता. पोलिसांनी त्याच्या मोटारीला गुपचूप एक जीपीएस यंत्र चिकटविले आणि २८ दिवस तिचा माग काढला. न्यायालयाने त्यांना परवानगी दिली होती खरी, पण ती १० दिवसांच्या आत आणि वॉशिंग्टनच्या हद्दीतच वापरावयाची होती. यंत्र बसविले अकराव्या दिवशी, शेजारच्या मेरीलँड राज्यात! २३ जानेवारी २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने ठरविले, की असे यंत्र लावून माग काढणे ही कायद्याच्या दृष्टीने झडतीच होय. जोन्स निर्दोष आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. पोलिसांनी झडतीचे नियम पाळावयास हवे होते, एवढेच त्याने सांगितले.

नियमांचा एवढा आग्रह कशासाठी, असे वाटेल. एका माणसाची गाडी महिनाभर कोठे कोठे गेली, हे कळले असता तो कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या देवळात वा मशिदीत जातो, कोणत्या सभेला हजर राहतो आणि कोणा मित्राशी त्याचे बिनसले आहे, एवढे सारे उमजते. यांपैकी एकही गोष्ट गुन्हा नाही, आणि एकही गोष्ट परक्याने जाणण्याचे कारण नाही. आपल्या देशात कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी असा निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शासनाला त्यात हात घालावयाचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय कामाच्या मानाने बेताचा हवा. चोरीची मोटार शोधण्यासाठी तिचा क्रमांक यादीत घालणे या कसोटीस सहज उतरेल. साऱ्या गावाच्या सर्व फेऱ्या वर्षानुवर्षे साठवून ठेवणे उतरेल काय, याविषयी मला शंका आहे.

म्हणून पडदा कोणी पाहिला, याचीही नोंद राहावी लागते : कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या वेळी, कोणाच्या गाडीचा माग, कोणत्या कामासाठी काढला. शिवाय ती नोंद जपण्याची मुदतही ठरलेली हवी. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी असा आदेश दिला, की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत व चित्रण शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष, जपून ठेवावे. तरीही कॅमेरे चालू नसल्याच्या बातम्यांची २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयास अनुसरून, महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण नेमले गेले आहे. तक्रारदाराने तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून ठेवला असेल, तर नियंत्रण कक्षातील नोंद त्याच्याशी ताडून पाहता येते. मात्र ती नोंद पुसली जाण्याआधी तक्रार तेथे पोहोचली पाहिजे.