घरच्या स्टिरिओला प्रीॲम्प लागतो का? आधी मागची भोकं बघा!

या भागाचं हे लिखित रूप, बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.

लातूरच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. घरात वडिलांचा नव्वदच्या दशकातला ॲम्प्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत. त्याने नुकताच रेकॉर्ड प्लेअर घेतला, जुन्या बाजारातून काही मराठी एलपी आणल्या. आवाज मात्र मुंगीसारखा येतोय. दुकानदार म्हणाला, "प्रीॲम्प घ्या, बारा हजार." घ्यावा का?

बारा हजार म्हणजे आपल्याकडे एका पोराचं तीन-चार महिन्यांचं मेसचं बिल. म्हणून नीट समजून घेऊ.

प्रीॲम्प म्हणजे नेमकं काय?

मी मूळचा मुरुडचा. जंजिऱ्याचा नव्हे हां, लातूर-बार्शी रोडवरचं मुरुड. आमच्याकडे सप्ताहात मंडपाच्या कोपऱ्यात जो ॲम्प्लिफायर असतो, तो तुम्हीही पाहिलाय. त्याच्यावर माइकची तीन-चार बटणं असतात आणि एक बटण 'ऑक्स'चं. महाराजांचा माइक माइकच्या भोकात, आणि कीर्तनाआधी मोबाइलवरची भक्तिगीतं लावायची तर मोबाइल ऑक्समध्ये.

का? कारण माइकमधून निघणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून फुल आवाजात साधारण अर्धा ते एक व्होल्ट निघतो, म्हणजे शंभर-दोनशे पट जास्त. माइकच्या भोकामागे एक छोटं सर्किट असतं, ते त्या बारीक सिग्नलला उचलून मोबाइलच्या पातळीला आणतं. तो झाला प्रीॲम्प! आणि कुणी मोबाइल माइकच्या भोकात घातला की आवाज फाटतो, कारण आधीच मोठा असलेला सिग्नल आणखी शंभर पट वाढवायला जातो आणि सर्किटची मर्यादा संपते. लाटेचा वरचा-खालचा भाग चक्क कापला जातो.

घरच्या स्टिरिओत प्रीॲम्प तीन कामं करतो. एक, बारीक सिग्नल उचलणं. दोन, सीडी, मोबाइल, टीव्ही यातलं काय ऐकायचं ते निवडणं. तीन, आवाज कमी-जास्त करणं. त्याच्या पुढचा पॉवर ॲम्प फक्त ताकद लावतो आणि स्पीकर हलवतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: प्रीॲम्प हा डबा म्हणून बघू नका, काम म्हणून बघा. ते काम तुमच्या घरात आधीच कुणी करत असेल, तर दुसरा डबा आणून काही मिळत नाही.

बहुतेक घरांत तो आधीच असतो

तुमच्या ॲम्प्लिफायरवर आवाजाचं बटण आहे? सीडी, ऑक्स, ट्यूनर असं निवडायचं बटण आहे? मग त्याच्या पोटात प्रीॲम्प आहेच. याला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणतात. ब्लूटूथ स्पीकर, साउंडबार, कॉम्प्युटरचे ॲक्टिव्ह स्पीकर, सगळ्यांत हे काम आतच होतं.

आणि गंमत बघा. सीडी प्लेअर किंवा चांगला डॅक फुल आवाजाला साधारण 2 व्होल्ट देतो. पुष्कळ पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीला 1 ते 2 व्होल्ट पुरतात. म्हणजे आजच्या डिजिटल साधनांसाठी प्रीॲम्प सिग्नल वाढवत नाही, बहुतेक वेळ कमीच करत असतो!

मग मोबाइल सरळ पॉवर ॲम्पला जोडू का?

जोडता येतो, पण इथे धोका आहे. समजा पॉवर ॲम्प सिग्नल 20 पट करतो. मोबाइलने 1 व्होल्ट दिला, तर स्पीकरला 20 व्होल्ट. 8 ओमच्या स्पीकरवर ते होतात 50 वॉट. मध्ये आवाजाचं बटणच नाही. मोबाइलचा आवाज चुकून फुल झाला किंवा एखादं नोटिफिकेशन जोरात वाजलं, की छोट्या स्पीकरचा ट्वीटर जायला वेळ लागत नाही. म्हणून नुसता पॉवर ॲम्प असेल, तर मध्ये आवाजाचं बटण हवंच.

रेकॉर्ड प्लेअरचं प्रकरण वेगळं

आता आपल्या श्रोत्याकडे येऊ. रेकॉर्डच्या सुईजवळचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज देतं साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट. माइकसारखीच गत. ते ऑक्सला लावलं की मुंगीचा आवाज येणारच.

पण नुसतं वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात, नाहीतर खोबणी इतकी वळवळेल की शेजारच्या खोबणीत घुसेल. ट्रेबल मुद्दाम वाढवतात, म्हणजे सुईची खरखर त्याच्याखाली दबते. ऐकताना हे उलटं करावं लागतं. 1954 पासून त्याचं ठरलेलं गणित आहे, आरआयएए कर्व्ह. मधल्या सुरांच्या तुलनेत 20 हर्ट्झजवळचा आवाज जवळपास 10 पट वाढवायचा, 20 हजार हर्ट्झजवळचा जवळपास दहाव्या हिश्श्यावर आणायचा. हे करणारा असतो फोनो प्रीॲम्प. तो नसेल तर सुधीर फडकेही पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखे वाटतील.

तेव्हा श्रोत्याला उत्तर: तुला बारा हजारांचा पूर्ण प्रीॲम्प नको. फक्त फोनोचं काम हवं. आणि तेही घरात आधीच असू शकतं.

खरेदीआधी एवढं तपासा

1. ॲम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं भोक आहे का? त्या काळातल्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना असायचं. असेल तर प्लेअर तिथे लावा, खर्च शून्य.

2. प्लेअरच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का? असेल तर प्रीॲम्प प्लेअरमध्येच आहे. बटण लाइनवर करा आणि वायर ऑक्समध्ये घाला. लाइनवर ठेवून फोनोच्या भोकात मात्र घालू नका, आवाज फाटेल.

3. प्लेअर जुना, पेटीसारखा असेल तर त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असू शकतं. ते बऱ्यापैकी मोठा सिग्नल देतं. ऑक्सला चालून जातं, बेस थोडा पातळ येईल एवढंच.

4. घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर प्लेअरची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला जोडलीय का बघा. प्रीॲम्प बदलून हा आवाज जात नाही.

5. यातलं काहीच नसेल, तरच छोटा फोनो प्रीॲम्प घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा. मागताना 'मूव्हिंग मॅग्नेटसाठी' असं स्पष्ट सांगा. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज याच्याही दहाव्या हिश्श्याएवढा सिग्नल देतं, त्याला वेगळा लागतो.

पैसे उरले तर नवी सुई घ्या. झिजलेली सुई नुसता आवाज बिघडवत नाही, रेकॉर्डची खोबणी कायमची खरवडते. ॲम्प्लिफायर पुन्हा मिळेल, पण साठ वर्षांपूर्वीची ती रेकॉर्ड पुन्हा मिळेलच असं नाही.

तुमच्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन घेऊ. चला, भेटू!