राज्य तोडायला साधे बहुमत, बेरुबारी द्यायला दोन-तृतीयांश

राज्य पुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी लागू झाला, तेव्हा देशात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश होते. आज २८ आणि ८ आहेत. राज्यांची संख्या दुप्पट झाली.

मधल्या काळात १५ राज्यांची भर पडली. त्यांपैकी ८ आधीच्या राज्यांतून वेगळी निघाली: गुजरात, नागालँड, हरियाणा, मेघालय, छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड, तेलंगणा. गोव्यासह ६ केंद्रशासित प्रदेशांना राज्याचा दर्जा मिळाला. उरलेले सिक्कीम, ते १९७५ मध्ये ३६व्या घटनादुरुस्तीने आले. बेरीज होते २९. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचे राज्यपद गेले आणि १९५६ नंतर पहिल्यांदाच हा आकडा एकाने घटला.

कलम ३ नुसार नवे राज्य करणे, सीमा किंवा नाव बदलणे हा संसदेचा अधिकार आहे. कलम ४ सांगते की असा कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही. म्हणजे साधे बहुमत पुरते. लोकसभेच्या ५४३ जागांवर गणपूर्ती ५५ची. तेवढेच सदस्य मतदानात असतील तर २८ मतांत विधेयक संमत होऊ शकते. प्रत्यक्षात असे कधी झालेले नाही, पण घटनेची अट तेवढीच आहे. घटनादुरुस्तीला मात्र किमान २७२ मते लागतात आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबाही.

ज्याची जमीन आहे त्या राज्याचे काय? विधेयक त्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावेच लागते. ते मत मानण्याचे बंधन संसदेवर नाही. मुंबई राज्याने हे अनुभवले. १९५६ मध्ये विधिमंडळासमोर आलेल्या विधेयकात तीन घटक होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. संसदेने मंजूर केले ते विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्यासह एकच द्विभाषिक राज्य. हा बदललेला आराखडा विधिमंडळाकडे परत आला नाही. बाबूलाल पराटे खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो परत पाठवण्याची गरज नव्हती, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी, त्या राज्याची दोन राज्ये झाली. मत मागायचेच असेल तर ते अंतिम मसुद्यावर मागितले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

तेलंगणाचे विधेयक आंध्र प्रदेश विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी फेटाळले. २१ दिवसांत संसदेची मंजुरी पूर्ण झाली. उलट उत्तर प्रदेश विधानसभेने २१ नोव्हेंबर २०११ रोजी राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला, तो तसाच पडून राहिला. जम्मू-काश्मीरची विधानसभा २०१९ मध्ये बरखास्त होती. राज्याच्या वतीने मत संसदेनेच दिले.

जमीन परदेशाला द्यायची असेल तर हिशेब बदलतो. पश्चिम बंगालमधील बेरुबारी युनियन क्रमांक १२ चे क्षेत्र पावणेनऊ चौरस मैल. त्यातला निम्मा भाग पाकिस्तानला द्यायचा ठरला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये घटनादुरुस्ती आवश्यक ठरवली. त्यासाठी ९वी दुरुस्ती झाली. २०१५ मध्ये १११ वस्त्या, म्हणजे १७,१६० एकर, बांगलादेशला देऊन ५१ वस्त्यांचे ७,११० एकर घेतानाही १००वी दुरुस्ती करावी लागली. तेलंगणाचे सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर मात्र साध्या कायद्याने वेगळे झाले. बेरुबारीचे हस्तांतर तर झालेच नाही; बांगलादेशशी झालेल्या १९७४ च्या करारानुसार तो भाग भारताकडेच राहिला.